बोअरच्या पाण्याला नावं ठेवू नकोस

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू बोलू देत नाहीस, दोन मिनिटांत "मग उद्या आणू का माशांची टाकी?" सुरू. आणू नकोस. आधी हे वाच.

वाघोलीच्या तुमच्या बोअरच्या पाण्याला वहिनी रोज शिव्या घालतात ना? नळांवर पांढरे डाग, डाळ शिजत नाही वगैरे. तसल्याच पाण्यासाठी मी इकडे पैसे मोजतो, लेका! आम्हाला खडकवासल्याचं हलकं पाणी, आणि आफ्रिकेतल्या मलावी तळ्याच्या माझ्या माशांना जड, म्हणजे क्षारांचं पाणी हवं, पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा) आठ किंवा थोडा वर. म्हणून फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा घाला, पाणी बदलताना सोडा मोजा, हे माझे धंदे. तुला बहुतेक नळ उघडला की झालं. फक्त सोसायटीने सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवला असेल तर त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घे.

टाकी चार बाय दीड बाय दीड फुटांची घे. त्यात साधारण अडीचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन पाव टन. तुझं ते शोकेस विसर, लोखंडी स्टँड लागेल. दगड आधी काचेवर थर्माकोल घालून त्यावर रचायचे आणि वाळू मागाहून ओतायची. हे मासे उकरण्यात पटाईत, वाळूवर रचलेला दगड कधी ना कधी काचेवर येतो.

आता फिल्टर. मागच्या वर्षी माझे नऊ मासे गेले ते कशाने, तुला खरं सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी ते गढूळ आणि उशिरा आलं, आणि मी उत्साहाने फिल्टरचे सगळे स्पंज नळाखाली खसाखसा धुतले. अगदी पांढरेशुभ्र. रविवारी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू त्या मळकट स्पंजात राहतात, आणि क्लोरीनच्या पाण्याने मी तेच मारून टाकले होते. त्यात आपल्या टाकीतलं पाणी जड, पीएच चढा. पीएच सातचा आठ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. गोल्डफिशवाल्याला एखादी चूक पचते, आपल्याला नाही. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत पिळतो, तोही एका वेळी एकच.

ताशी दोन हजार लिटरचा एक फिल्टर घेण्यापेक्षा हजार-बाराशेचे दोन घे. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, शिवाय एक बंद पडला तरी दुसरा असतो. लाईट बराच वेळ गेली तर बाहेरचा डबा-फिल्टर परत आली म्हणून तसाच चालू करू नकोस. आतलं सडकं पाणी आधी फेकून दे.

आणि मासे? दुकानात "मिक्स आफ्रिकन, सगळे एका भावात" असं म्हणून पिल्लं दाखवतील. घेऊ नकोस. त्यात ऑराटस हमखास निघतो, आणि त्याचा मोठा नर म्हणजे वाड्यातला भांडकुदळ भाडेकरू. यलो लॅब, रस्टी आणि डेमासोनी या तीनच जाती, बस. डेमासोनी मात्र बारा तरी हवेत, चार-पाच ठेवलेस तर शेवटी एकच उरेल. बाकीच्यांत एका नराला तीन-चार माद्या. एकूण बावीस-चोवीस मासे. ऐकून दाटीवाटी वाटेल, पण पीएमटीच्या गर्दीत कुणी एकाच्याच मागे लागत नाही, तसंच हे आहे. गर्दी म्हणजे घाणही जास्त, तेव्हा दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलणं आलं. ते जमत नसेल तर गप्पी पाळ.

खायला स्पिरुलिना शेवाळाचे दाणे, तेही थोडेच. हे बहुतेक दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे. लाल किडे खायला घातले तर त्यांचं पोट फुगू शकतं आणि मग सहसा वाचत नाहीत.

एखादी यलो लॅब आठवडाभर खाईना आणि तिचा गळा फुगलेला दिसला तर घाबरून मला फोन करू नकोस. तिच्या तोंडात अंडी असतील. तीनेक आठवड्यांनी पिल्लं सोडते.

येत्या रविवारी ये. माझ्या फिल्टरमधला एक जुना, घाणेरडा स्पंज तुझ्यासाठी काढून ठेवलाय, टाकीच्या पाण्यात बुडवूनच ने. त्यातल्या जिवाणूंमुळे तुझा महिनाभराचा वेळ वाचेल, तरी अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासे नाहीत. येताना तुमच्या बोअरचं पाणी एका बाटलीत आण, माझ्याकडे पाणी तपासायचं किट आहे. बाटली साबणाने धुतलेली नको, हे वहिनींना आधीच सांग.

तुझा,
नाना

ता.क. स्टँड आणलास की आधी लेव्हल लावून बघ. तुमच्या हॉलच्या फरशीला उतार आहे, माझी गोटी घरंगळत सोफ्याखाली गेली होती, आठवतंय ना?