मोगलीच्या गोष्टीतला बिननावाचा गोंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय अस्मिता म्हटली की आपल्याकडे प्रभातफेरी आणि वक्तृत्व स्पर्धा होतात. इंग्रजीच्या तासाला कथा मात्र गाइडातल्या सारांशावर उरकली जाते. खरं काम तिथेच होण्यासारखं आहे.

रडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाच्या ‘द जंगल बुक’मधल्या मोगलीच्या कथा घ्या. आमच्या देवलापारहून महामार्गाने वर गेलं की लागणारं मध्य प्रदेशातलं सिवनी, तिथलंच हे जंगल. १८९५ च्या दुसऱ्या भागातल्या ‘लेटिंग इन द जंगल’मध्ये उजाड होत चाललेलं गाव गोंडांच्या मुखियाला बोलावतं. हातात धनुष्य, बुचड्यात खोचलेले विषारी बाण, एका पायावर उभा. तो एक शब्द बोलत नाही. रानकारल्याचा वेल देवळाच्या दारावर आडवातिडवा ओवतो, कान्हीवाड्याच्या वाटेकडे हात करतो आणि जंगलात परततो. किपलिंग त्याच्या लोकांना या भूमीचे मूळ मालक म्हणतो, पण त्याला नाव देत नाही. आणि मोगलीला घरात घेणारी, म्हणून गावाने चेटकीण ठरवलेली मेसुआ जीव वाचवायला जाते कुठे? कान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे. कथेत न्याय तेवढा साहेबाजवळ!

गोंडाचा आणि मेसुआचा, एवढे दोन उतारे ४० मिनिटांच्या तासिकेला पुरतात. चार मुलांत एक झेरॉक्स. आधी मोठ्याने वाचन, मग फळ्यावर तीन रकाने: नाव कुणाला आहे, बोलतं कोण, नुसतं वर्णन कुणाचं. ते मुलांनीच भरायचे. शेवटी दहा ओळी, वेल ओवताना गोंडाच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्याच तोंडून. ज्याला गोंडी येते त्याला गोंडीत लिहू द्यावं, देवनागरीत.

शिक्षकाने सुरुवातीलाच ‘वसाहतवाद’ हा शब्द फळ्यावर लिहिला की तास फसतो. मुलं तेवढंच उतरवून घेतात. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे ‘इंग्रज वाईट, आपण चांगले’ इथे चर्चा थांबवणं. मेसुआच्या जिवावर उठलेले गावकरीच आहेत, गोंडाची आठवण संकटातच होणारेही तेच. मग ‘आपण’ म्हणजे कोण? बाकावर गोंड मुलं बसलेली असताना हा प्रश्न पुस्तकी उरत नाही. मात्र ‘तू गोंड ना, तू सांग’ म्हणून कुणाला उभं करू नये. उत्तर साऱ्या वर्गाने शोधायचं आहे.

किपलिंग १९३६ मध्ये वारले. या कथांवर आता स्वामित्वहक्क नाही, प्रती काढायला अडचण नाही. अभ्यासमंडळाने हे उतारे अकरावीच्या पूरक वाचनात घ्यावेत, ही विनंती.

– इंग्रजीचा एक शिक्षक, ता. रामटेक, जि. नागपूर