अण्णा, हळदीच्या रात्री ग्लास नको

ती. आई-अण्णांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर अण्णा, तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता. म्हणून लिहितेय. धाकट्या काकांशी माझं बोलणं झालंय. दादाच्या हळदीच्या रात्री मळ्यात जी बैठक बसेल, तिथे तुमच्यासाठी ग्लास भरायचा नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं, राग येईल तुम्हाला. पण चारचौघांत कोणी एक शब्द बोलणार नाही, तेवढं काकांकडून वदवून घेतलंय.

तुम्ही पिणारे नाही, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. लग्नकार्यात कोणी "घ्या भाऊ, काई व्हत नही" म्हणून पुढे केलं तर तुम्हाला नाही म्हणवत नाही, एवढंच. पण मन थाऱ्यावर ठेवणारी तुमची लिथियमची गोळी म्हणजे एक क्षारच आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. दारूने लघवी वाढते, उलटी झाली तर आणखी पाणी जातं, त्यात आपल्याकडचा वैशाख, पारा ४५ ला टेकलेला. रक्तातली लिथियमची लेव्हल ०.६ ते १.० च्या दरम्यान असली की तुम्ही आमचे अण्णा असता. दीडच्या वर गेली की तीच गोळी विषासारखी वागू लागते. किती थोडं अंतर आहे बघा. एवढी घेतली तर चालेल, असा खात्रीचा आकडा कोणी देऊ शकत नाही, म्हणून मी "अजिबात नको" म्हणते.

मला सगळ्यात भीती वाटते ती वेगळीच. लेव्हल चढली की जीभ जड होते, पाय लटपटतात, उलट्या होतात. अगदी प्यायलेल्या माणसासारखं. मळ्यात कोणी "अण्णांना चढली, झोपू द्या" म्हणून खाटेवर टाकून गेलं तर? विचारानेच माझे हातपाय गळतात.

आणि झोप. त्या पोळ्याच्या सणाचं मी काढत नाही, तुम्हीही काढू नका. पण तेव्हाही आजाराची सुरुवात जागरणानेच झाली होती ना? दारूने डोळा लागतो खरा, पण पहाटे झोप मोडते. हळद लागली, जेवणं झाली की तुम्ही घरी या. गच्चीवर खाट टाकून ठेवायला सांगितलंय.

मामांची ती युक्ती, त्या दिवशी गोळी टाळायची आणि मग घ्यायची, ती तर मुळीच नको. एक गोळी चुकवल्याने रक्तातलं लिथियम नाहीसं होत नाही आणि मध्येच थांबवायची सवय लागली तर आजार उलटतो.

बाकी तुमचं काहीही बंद होत नाही. चहा रोजच्याइतकाच प्या, तो एकदम सोडला तरी लेव्हल वाढते. कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, सगळं चालू. रात्री घरी येण्याआधी थोडा वेळ बैठकीला जायचं असेल तर जा, गप्पा मारा, माठातलं पाणी नाही तर ताक घ्या. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या दादा बसवून देईल.

कापूस विकायला धुळ्याला जाताना तुम्ही मला गाडीवर कापसात गळ्यापर्यंत पुरायचे, फक्त तोंड बाहेर. थंडी वाजू नये म्हणून. रस्ताभर मागे वळून विचारायचे, "बेबी, जागी आहेस ना?" आता तेच मी विचारत असते, एवढंच समजा.

आई, आता तुझ्यासाठी. बीपीचं ऐकून तू अण्णांचं मीठ एकदम तोडलंस, तसं करू नकोस. डॉक्टरांना विचारून काय ते कर, रोज सारखंच मीठ ठेव. बीपीची नवी गोळी कोणी लिहून दिली तर लिथियम चालू आहे हे आधी सांग, लघवी वाढवणाऱ्या गोळीने लेव्हल चढते. गुडघा दुखला तर मेडिकलवरून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायची नाही, पॅरासिटामॉल चालते. बशीतला चहा जरासा हिंदकळतो ती थरथर नेहमीची. पण बशीच धरता येईना, बोलणं अडखळू लागलं, जुलाब-उलट्या लागल्या तर सकाळची वाट पाहू नकोस. पुढची गोळी न देता लगेच दवाखान्यात ने. आणि अण्णा, कधी घेतलीच गेली तर डॉक्टरांपासून लपवू नका. मी रागावणार नाही, देवाशप्पथ.

लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी ९ ला लॅबचा मुलगा रक्त घ्यायला घरी येईल. आदल्या रात्रीची गोळी बरोबर ९ ला घ्या, मध्ये १२ तास जायला हवेत. सकाळची गोळी रक्त दिल्यावर. रिपोर्टचा फोटो दादाने त्याच दिवशी मला पाठवायचा, नवरा-नवरी देवदर्शनाला निघाले असतील तरी.

तुमची,
बेबी