नाव मागे घेत नाही, बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, म्हणून लिहायला बसले. "सरकारचं मीठ खाऊन सरकारवर केस करतात का? नाव काढून घे," असं म्हणालात बाबा. चौतीस वर्षं मास्तरकीत तुम्ही वरिष्ठांना उलट बोलला नाहीत. तुम्हाला हे का खुपतं ते मला कळतं. पण दिल्लीतल्या स्टेनोंएवढा पगार मागायला आम्ही कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, जो अर्ज केलाय, त्यावरचं माझं नाव मी काढणार नाही.

2012 ची स्टेनोची परीक्षा आठवते ना? मिनिटाला 80 शब्द, 10 मिनिटांचं डिक्टेशन. आई, तू समोर घड्याळ ठेवून पेपरातले अग्रलेख वाचायचीस. त्याच परीक्षेतून माझी मैत्रीण दिल्लीला केंद्रीय सचिवालयात गेली, मी नागपूर लिहून दिलं. तिची पुढची पायरी पर्सनल असिस्टंट, लेव्हल 7, सुरुवात 44,900. माझी ग्रेड वन, लेव्हल 6, सुरुवात 35,400. मूळ वेतनातच 9,500 चा फरक, महागाई भत्त्यातला वेगळा. आणि एवढी पायरी चढायलाही अकरा वर्षं गेली, कारण आमच्याकडे ग्रेड वनची पदं दोनच. वरचं माणूस निवृत्त झालं तर खालचं सरकणार. मधे दहा वर्षांनी एमएसीपी, म्हणजे बढती न मिळालेल्यांना मिळणारी पगारवाढ, लागली. पगार एक लेव्हल वर गेला, पद तेच.

हे आधीपासून असं नव्हतं, बाबा. सहाव्या वेतन आयोगाने सचिवालयातले आणि बाहेरच्या कार्यालयांतले स्टेनो बरोबरीने ठेवायला सांगितलं होतं. मग 16 नोव्हेंबर 2009 च्या आदेशाने सचिवालयातल्यांचा ग्रेड पे, म्हणजे पदाच्या दर्जाप्रमाणे मूळ पगारात धरली जाणारी रक्कम, 4200 वरून 4600 झाला, तोही 1 जानेवारी 2006 पासून. आम्ही 4200 वरच. सातव्या आयोगात त्याच दोन आकड्यांच्या लेव्हल 6 आणि 7 झाल्या.

दिल्ली पोलिसातला एक साधा ड्रायव्हर, रणधीर सिंग, इतर खात्यांतल्या ड्रायव्हरएवढा पगार मागायला सुप्रीम कोर्टात गेला आणि 1982 मध्ये जिंकला. आमचं तसंच होईल असं नाही. वेतनश्रेणी ठरवणं आयोगाचं काम, असंही कोर्टाने पुढे अनेकदा म्हटलंय. वकिलांनी ते आधीच सांगितलं, तरी आम्ही सात जणांनी सह्या केल्या. आठव्या आयोगाची वाट बघा म्हणता, पण मागच्या दोन आयोगांची वाट बघूनच इथवर आलोय.

आई, "ह्यांच्या बायपासमुळे पोरीने दिल्ली सोडली," असं तू मावशीला म्हणालीस ते मला कळलं. तसं मनात आणू नकोस. नागपूर मला हवं होतं, आजही हवंय. नागपुरात घेतलेलं डिक्टेशन दिल्लीपेक्षा स्वस्त का, एवढंच मला विचारायचंय.

बाबा, सोबत अर्जाची प्रत आहे. एकदा वाचा. कुठे उद्धट शब्द दिसला तर खूण करून ठेवा, रविवारी आले की बघते.

तुमची,
ताई