भिंतीपलीकडच्या काकूंकडे आलेल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

काकू रुग्णालयातून घरी परतल्या त्याला आता सात महिने होत आले. तुमचे आभार मानायचे इतके दिवस राहून गेले, त्याला थोडा आळस कारणीभूत आहे आणि बराचसा संकोच. काकूंना सोसायटीतून हलवावे, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर माझीही सही होती आणि ती तुम्ही पाहिली होती.

दोन वर्षे रोज रात्री अडीचच्या सुमारास आमच्या सामाईक भिंतीवर स्टीलच्या झाकणाचे ठोके पडत. गच्चीवरच्या टाकीत आम्ही औषध कालवतो, अशी काकूंची ठाम समजूत झाली होती आणि दहावीतल्या माझ्या मुलीला जिन्यात गाठून त्या ‘बापाला सांग, मला सगळं कळतं’ असे बजावत. स्वयंपाकघराच्या जाळीचे एकेक भोक त्यांनी एम-सीलने बुजवले होते. आत गॅस चालू राहिला तर काय, या धास्तीने माझी पत्नी मध्यरात्री उठून त्यांच्या दाराशी वास घेऊन येई. कुणी म्हणे ‘बाहेरचं आहे’, कुणी म्हणे ‘येरवड्याला पाठवा’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. पुण्यात हे वाक्य थट्टेत इतके रुळले आहे की, खरोखर उपचारांची गरज असलेल्या माणसाबद्दलही आम्हाला दुसरे वाक्य सुचले नाही. पोलिसांनी ‘शेजाऱ्यांचं भांडण आहे, आपसात मिटवा’ म्हणून परत पाठवले. परगावी असलेले त्यांचे भाऊ तर फोनच उचलत नसत.

शेवटी पत्नीने एका रात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या समुपदेशकाने मराठीत, घाई न करता सगळे ऐकून घेतले आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती दिली. त्यातून आम्ही तुमच्यापर्यंत पोहोचलो.

तुम्ही पहिल्या भेटीत काकूंबद्दल काही विचारण्याआधी आम्हाला विचारलेत, ‘तुमची झोप कशी आहे?’ तोवर आम्ही एकतर तक्रारखोर ठरलो होतो, नाहीतर निर्दयी. त्या प्रश्नावर मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण पत्नी रडली, हे आठवते.

त्यानंतरचे चार गुरुवार तुम्ही काकूंच्या बंद दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसून काढलेत. ‘तुम्ही आजारी आहात’ असे एकदाही म्हणाला नाहीत, कारण आपण आजारी आहोत हे न उमगणे हाच अनेकदा या आजाराचा भाग असतो, हे तुम्ही आम्हाला आधीच समजावले होते. टाकीबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांच्या ‘हो’ला ‘हो’ही करू नका, ‘तुम्हाला भीती वाटत असेल’ एवढेच म्हणा, असे तुम्ही शिकवलेत. ऐकायला सोपे असलेले हे वाक्य रात्री अडीच वाजता तोंडून काढणे किती कठीण असते, ते आम्हीच जाणतो. चौथ्या गुरुवारी दार साखळीपुरते उघडले आणि काकू म्हणाल्या, ‘झोपेचं काही देता का?’

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १०० तुम्ही मला एका वहीच्या पानावर मराठीत लिहून दिलेत, ते पान अजून माझ्याकडे आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका संभवत असेल, तर पोलिसांनी त्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे, कोठडीत ठेवू नये, असे त्यात आहे. ते वापरण्याची वेळ आली नाही, कारण त्याआधी तुम्ही भावांना गाठलेत. ते आले, नातेवाईक या नात्याने त्यांनी अर्ज केला आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासण्यांनंतर काकू दाखल झाल्या. अशा प्रकारे पहिल्यांदा दाखल करून ठेवण्याला तीस दिवसांची मर्यादा असते, हे ऐकून मी ‘एवढेच?’ म्हणालो होतो. त्यावर तुम्ही माझ्याकडे नुसते पाहिलेत. आज त्या ‘एवढेच’ची मला लाज वाटते.

काकूंच्या आजाराचे नाव तुम्ही मला आजवर सांगितलेले नाही. मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा तुम्ही ‘ते त्यांचं आहे’ म्हणालात. तेव्हा राग आला होता. आता माझ्या घरातले कुणी आजारी पडले, तर तुमच्यासारखेच कुणी भेटावे, असे वाटते.

सगळे सुरळीत झाले आहे, असे लिहिणार नाही. जाळीवरचे एम-सील अजून तसेच आहे. दर महिन्याच्या इंजेक्शनला भाऊ घेऊन जातात, पण मध्ये एक महिना चुकला तेव्हा ठोके पुन्हा सुरू झाले होते. या वेळी मी अर्ज लिहिला नाही, भावांना फोन केला. सोसायटीच्या फायलीतल्या त्या जुन्या अर्जावरची सहीही लेखी कळवून मागे घेतली आहे.

काल सकाळी काकूंनी दार उघडून विचारले, ‘तुमच्याकडेही आज पाणी कमी दाबानं येतंय का?’ मी आत जाऊन नळ सोडून पाहिला. धार खरोखरच बारीक होती. तसे सांगितल्यावर त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि बादली भरायला आत गेल्या.

हे तुम्हाला कळवायचे होते.

आपला कृतज्ञ,
काकूंचा शेजारी