शनिवारची बैठक : ‘डेल्टा क्रीम’

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता नौपाड्यात नेहमीच्या जागी ‘द ब्लॅक कीज’ या अमेरिकन रॉक जोडीचा 2021 चा ‘डेल्टा क्रीम’ हा अल्बम सलग ऐकायचा आहे. मध्ये गाणी बदलायची नाहीत, फर्माईश शेवटी.

हा अल्बम निवडण्याचं कारण सांगतो. जोडीतले डॅन ऑरबाख आणि पॅट्रिक कार्नी हे दोघे ओहायोमधल्या अ‍ॅक्रनचे, पण या अल्बममधली गाणी उत्तर मिसिसिपीच्या डोंगराळ भागातल्या ब्लूजची आहेत: आर. एल. बर्नसाइड, ज्युनियर किम्ब्रो या तिथल्या ब्लूज गायक-गिटारवादकांच्या परंपरेतली. बर्नसाइडबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेले केनी ब्राउन इथे स्लाइड गिटारवर (तारांवर नळी सरकवून वाजवतात ती) आहेत. सगळं रेकॉर्डिंग नॅशव्हिलला दोन दिवसांत, साधारण 10 तासांत उरकलं, आणि ते ऐकू येतं. एकमेकांकडे बघत वाजवल्यासारखं.

या ब्लूजमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) फारशा बदलत नाहीत. एकच रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, घोळत राहते आणि रंगलेल्या गजरात टाळ लय धरून ठेवतो तसे ड्रम ती पुढे रेटतात. पहिल्या पाच मिनिटांत ‘तेच तेच चाललंय’ असं वाटेल. कृपया तेव्हा उठू नका. खरी मजा त्यानंतर आहे. बेसकडे मुद्दाम कान द्या, फोनच्या स्पीकरवर तो जवळजवळ गायबच होतो.

आवाज मोठा ठेवणार आहोत, शेजाऱ्यांशी बोलणं झालं आहे. साडेआठला बंद म्हणजे बंद. गाडी आणू नका, पार्किंग मिळत नाही. स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत या. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत इथेच कळवावं, म्हणजे खुर्च्या आणि चहाचा अंदाज येईल.