ओपीडीतल्या टॅबवर मशेरीचं बटण हवं : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आशाताई घरोघरी भरून घेतात तो ‘सीबॅक’ फॉर्म (मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर अशा आजारांचा धोका गुण देऊन जोखणारी प्रश्नावली) रुग्णाने ओपीडीत बसल्या बसल्या टॅबवर स्वतःच भरावा, याला आमचा पाठिंबा आहे. दारू, अंगावरून पांढरं जाणं, संबंधानंतरचा रक्तस्राव या गोष्टी सासूसमोर कोण सांगणार? फक्त कागदावरचा फॉर्म जसाच्या तसा टॅबवर चढवू नका.

४५ वर्षांची बाई घ्या. वयाचे २ गुण, कमर ८४ सेंमी म्हणून १, आठवड्याला १५० मिनिटंही व्यायाम नाही म्हणून १. बेरीज ४. तपासणीत प्राधान्य मिळतं ते ४ च्या वर. ती रोज मशेरी लावते, त्याचे २ धरून ६ व्हायला हवेत. पण ‘तंबाखू खाता का?’ याला ती ‘नाही’ म्हणणार, आणि ते खोटंही नाही. मशेरीने ती दात घासते. म्हणून मशेरी, तपकीर, मावा, खर्रा, तंबाखू-चुना यांना फोटोसकट वेगवेगळी बटणं द्या.

रिकाम्या उत्तरानेही हाच घोळ होतो. प्रश्न सोडून दिला की सॉफ्टवेअर शून्य धरून बेरीज करतं आणि जोखमीचा माणूस ठणठणीत ठरतो. एक जरी उत्तर राहिलं तरी बेरीज दाखवू नये, ‘अपूर्ण’ दाखवावं. ‘नाही’ आधीच निवडून ठेवलेलं तर मुळीच नको.

कमर रुग्णाला विचारूच नका, पँटचा नंबर सांगतात. तो रकाना सिस्टरांचा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

एका पडद्यावर एकच प्रश्न, सोबत आवाज आणि इयरफोन. रुग्ण मध्येच उठून गेला तर पडदा आपोआप कोरा व्हावा. नाहीतर त्याची उत्तरं पुढचा वाचत बसतो.

थुंकीतून रक्त, तोंड उघडायला त्रास, स्तनात गाठ यांत बेरीज बघायची नसते, एक ‘हो’ पुरे. ते नाव त्याच क्षणी सिस्टर किंवा सीएचओंच्या (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी) पडद्यावर लाल होऊन वर यायला हवं, रुग्ण गोळ्या घेऊन एसटी पकडायच्या आत. ही लाल नावं बघायला ज्या केंद्रात माणूस नेमलेला नाही, तिथे टॅब पाठवू नका.

आपले,
असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत काम करणारे काही आरोग्य कर्मचारी