शून्य बाइटच्या क्वेरींचा खर्च दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

तुमची ऐरोलीहून महापेला बदली झाली ती इतक्या घाईत, की नीट आभार मानायचे राहूनच गेले. आज ते सगळ्यांसमोर मानतो, कारण तुम्ही जे शिकवलंत ते ट्रिनो (मोठ्या डेटावर एसक्यूएल क्वेरी चालवणारं इंजिन) चालवणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

सकाळी डॅशबोर्ड उघडायला लागले की आमचा क्लस्टर, म्हणजे ट्रिनो चालवणाऱ्या मशिन्सचा समूह, गुदमरायचा. डेटा वाचणारी वर्कर मशिन्स रिकामी बसलेली आणि साध्या क्वेरीही प्लॅनिंगमध्येच अडकलेल्या. आणखी वर्कर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, "थांबा, आधी को-ऑर्डिनेटर बघू." क्वेरी घेऊन वर्करना काम वाटून देणाऱ्या त्या मशिनचा सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला होता. २०१२ मध्ये फेसबुकमध्ये प्रेस्टो म्हणून हे इंजिन सुरू झालं, तेव्हापासून रचना हीच आहे: वर्कर कितीही जोडा, क्लस्टरला को-ऑर्डिनेटर एकच. पार्सिंग, प्लॅनिंग, मेटास्टोअरला (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या सेवेला) विचारणं, सगळं त्याच्याच गळ्यात. वर्कर दुप्पट केले असते तरी त्याचा भार हलका झाला नसता.

मग तुम्ही क्वेरींची यादी सोर्सप्रमाणे, म्हणजे कोणत्या टूलकडून आल्या त्याप्रमाणे, गाळलीत. आमचं रिपोर्टिंग टूल प्रत्येक नव्या कनेक्शनला कॉलमांची यादी मागत होतं. टेबलांतला एक बाइटही न वाचणाऱ्या या क्वेरींकडे तोवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तुम्ही त्यातली एक उघडून अंडरस्कोअरवर बोट ठेवलंत. स्कीमाचं, म्हणजे टेबलांच्या गटाचं, नाव 'सेल्स_ठाणे' असं होतं. जेडीबीसीच्या (टूल ज्या ड्रायव्हरने डेटाबेसला जोडतात त्याच्या) मेटाडेटा कॉलमध्ये, म्हणजे टेबलांची माहिती विचारताना, नाव पॅटर्न म्हणून जातं आणि पॅटर्नमध्ये अंडरस्कोअर म्हणजे कोणतंही एक अक्षर. टूल तो एस्केप करत नव्हतं, म्हणजे 'हा साधा अंडरस्कोअरच' अशी खूण लावत नव्हतं. त्यामुळे एका स्कीमापुरतं विचारून भागेना, इंजिन सगळ्या स्कीमा धुंडाळत बसे. त्यात बरीच टेबलं आइसबर्ग या टेबल-फॉरमॅटची. त्यांचा तपशील मिळवायला दर टेबलामागे ऑब्जेक्ट स्टोरेजमधली मेटाडेटा फाइल उघडायची, म्हणजे तितक्या वेगळ्या रिक्वेस्ट, तितकं पार्सिंग, आणि को-ऑर्डिनेटरच्या मेमरीवर (हीपवर) तितका ताण.

उपाय छोटा निघाला. अशा टूलसाठी ड्रायव्हरमध्येच सोय आहे, अंडरस्कोअर अक्षरशः घ्यायची; ती चालू केली. टूलच्या क्वेरींना वेगळा रिसोर्स ग्रुप (मर्यादा लावता येणारा क्वेरींचा गट) देऊन एका वेळी किती चालाव्यात यावर मर्यादा घातली. मेटास्टोअरची उत्तरं तात्पुरती साठवणाऱ्या कॅशची मुदत मात्र तुम्ही हट्टाने कमी ठेवलीत. मुदत लांबवली तर रात्री भरलेल्या डेटाची नवी पार्टिशनं (टेबलांचे भाग) सकाळी दिसणार नाहीत आणि आकडे गुपचूप चुकतील, हे तुम्ही रिपोर्टवाल्यांना समोर बसवून समजावलंत. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम तेच होतं. सकाळी वेगासाठी सगळे घायकुतीला आले असताना अचूकतेची बाजू तुम्ही एकट्याने लावून धरलीत.

हे सगळं तुमच्या टीमचं कामही नव्हतं. तरी ठाण्याची लोकल सोडून तुम्ही थांबलात, की-बोर्ड माझ्याकडेच ठेवलात आणि प्रत्येक पायरी मला करायला लावलीत. म्हणून आता नवीन टूल जोडताना मी आधी त्याच्या मेटाडेटा क्वेरी पकडतो, डॅशबोर्डचं नंतर बघतो.

तुमची त्या दिवशीची टिपणं नव्या मुलांना वाचायला दिली आहेत. रिसोर्स ग्रुपच्या भागावर त्यांचे बरेच प्रश्न आहेत. सवडीने एकदा ऐरोलीला याल का? सगळे वाट बघताहेत.

मनापासून आभार, ताई.

तुमचा,
रिपोर्टिंग टीममधला धाकटा सहकारी